नवी माती, नवं ग्लेझ : पहिल्यांदा प्रयोग करताना काय करायचं, कोणत्या क्रमाने

चाकावर हात बसला, सहा-आठ महिने पिशवीतली तयार माती आणि स्टुडिओच्या बादलीतलं ग्लेझ (भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेचा थर) वापरून झालं, की एक दिवस वाटायला लागतं आता माती आपण शोधावी, ग्लेझही आपणच बनवावं. हे वाटणं अजिबात दाबू नका. पण सुरुवात कशी करायची हे कोणी नीट सांगत नाही, मग होतं काय की माणूस शेतातली माती आणतो, तिचा थेट मोठा बाऊल करतो, त्यावर कुठेतरी वाचलेलं ग्लेझ लावतो आणि भट्टी एकदम १२२० ला नेतो, आणि उघडल्यावर शेल्फला चिकटलेलं काळं थारोळं मिळतं. मग चूक मातीची, ग्लेझची की तापमानाची, काहीच कळत नाही.

म्हणून खाली जे सगळं लिहिलंय ते एकाच गोष्टीभोवती आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललं ते लिहून ठेवा. माती नवी असेल तर ग्लेझ ओळखीचं. ग्लेझ नवं असेल तर माती ओळखीची. मी साताऱ्याकडची, माझ्याकडे छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, त्यामुळे उदाहरणं बरीचशी आपल्या काळ्या मातीची येतील. या मातीने मला खूप रडवलं आणि शेवटी सगळ्यात सुंदर ग्लेझही तिनेच दिलं, ते पुढे सांगते.

आधी भट्टी समजून घ्या

माती काय नि ग्लेझ काय, दोन्ही एका ठराविक तापमानासाठी असतात. गावच्या आव्यात लाकूड-गोवऱ्यांवर भाजलेलं मडकं साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातं, ग्लेझ केलेला टेराकोटा १००० ते ११००, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजून घट्ट झालेली भांडी) १२०० ते १२८०, पोर्सिलेन साधारण त्याच्या वरच्या टोकाला. स्टुडिओत सगळे "कोन सहा", "कोन दहा" असं बोलतात. हा कोन म्हणजे भट्टीत ठेवायची छोटी सुळक्यासारखी कांडी, ठराविक उष्णता मिळाली की ती वाकते. कोन ०४ साधारण १०६०, कोन ६ साधारण १२२०, कोन १० साधारण १२८५ ते १३००. आणि पुढे शून्य लागलं की हिशोब उलटा, ०६ हा ०४ पेक्षा थंड. ०६ आणि ६ या दोघांत दोनशे अंशांहून जास्त फरक आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण यात गोंधळ झाला तर अख्खी भट्टी जाते.

कंट्रोलरवर तापमान दिसत असलं तरी कोन ठेवाच. मीटर त्या क्षणाचं तापमान सांगतो, कोन सांगतो की उष्णता एकूण किती मुरली. शिवाय भट्टीच्या वरच्या आणि खालच्या शेल्फमध्ये फरक असतो, मग एकच ग्लेझ वर चकचकीत आणि खाली मॅट येतं आणि आपण उगाच रेसिपीला दोष देत बसतो. वर एक खाली एक कोन ठेवला की उत्तर मिळतं.

अजून एक, इलेक्ट्रिक भट्टीत हवा खेळती असते, त्याला ऑक्सिडेशन म्हणतात. गॅस किंवा लाकडाच्या भट्टीत हवा कोंडून धूर धरता येतो, ते रिडक्शन. तांब्याचं ग्लेझ रिडक्शनमध्ये लाल येतं आणि ऑक्सिडेशनमध्ये हिरवं. नेटवर लालभडक फोटो बघून रेसिपी उतरवली आणि आपल्याकडे हिरवं आलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही.

पायरी १ : माती आणणं

जमीन ज्याची असेल त्याला विचारून माती घ्या. वरची फूटभर माती बाजूला सारा, तिच्यात मुळं, काडीकचरा, खत असतं, त्याच्या खालची घ्या. तळ्याचा गाळ, ओढ्याच्या वळणावर साचलेली माती, विहीर खोदताना निघालेला ढीग, ही बघायची ठिकाणं. पहिल्या वेळी पाच किलो पुरे, पोतं भरून आणू नका. पिशवीवर गाव, जागा, खोली, तारीख लिहा. सगळ्यात जास्त हळहळ मला याचीच वाटते, की एक फार छान लाल माती होती माझ्याकडे आणि ती कुठून आणली हे लिहिलंच नव्हतं.

आपल्याकडे मातीचे प्रकार भरपूर आहेत. देशावर बेसाल्टच्या खडकापासून झालेली काळी माती, पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं जे खनिज असतं ते स्वतःच्या थरांमध्ये पाणी धरतं, म्हणून ती चिकट पण वाळताना भयंकर आकसते. कोकणात जांभ्याची लाल माती, सिंधुदुर्गात तर पांढरी चायना क्ले पण निघते. गोव्यात डिचोलीची कुंभारकला प्रसिद्ध आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी ग्रामोद्योगची मातीकामाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि चंद्रपूरकडे भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकाम वर्षानुवर्षं चालू आहे. या भागात जाणं झालं तर तिथली भांडी हातात घेऊन बघा, नुसत्या रंगावरून आणि वजनावरून बरंच कळतं.

आणि जवळ कुंभारवाडा असेल तर आधी तिथे जा. आमच्याकडचे कुंभार गाळाच्या मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळतात, का असं विचारलं तर काका म्हणाले "माती मोकळी होते". अगदी खरं आहे ते. लीदेतले बारीक तंतू वाळताना मातीला धरून ठेवतात, भट्टीत जळून जातात आणि मागे बारीक छिद्रं ठेवतात, त्यातून वाफ निघून जाते आणि मडकं चुलीवर ठेवलं तरी तडकत नाही. माठातलं पाणी गार होतं तेही या छिद्रांमुळेच, झिरपलेल्या पाण्याची बाहेर वाफ होऊन.

शाडूबद्दल खूपजण विचारतात, गणपतीची उरलेली माती भाजता येते का. शाडू म्हणून बाजारात जे मिळतं ते भाजण्यासाठी निवडलेलं नसतं आणि प्रत्येक पिशवी सारखी असेलच असं नाही, तर तिलाही अनोळखी माती समजा आणि खालच्या सगळ्या टेस्ट करा. रंग लावलेल्या मूर्तीची माती मात्र भट्टीत टाकू नका.

जागेवरच करायच्या दोन टेस्ट. एक, माती ओली करून पेन्सिलएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. भेग न पडता गुंडाळली गेली तर माती चाकावर चालण्याइतकी लवचिक आहे, तुटली तर तिच्यात वाळू जास्त आहे. दोन, मातीवर व्हिनेगर किंवा लिंबू टाका. फसफसलं तर चुना आहे.

ही चुन्याची टेस्ट टाळू नका. काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतातच. मी पहिल्यांदा दिवाळीसाठी पणत्या केल्या, भट्टीतून एकदम मस्त निघाल्या, कपाटात ठेवल्या आणि पंधरा दिवसांनी बघते तर प्रत्येकीवर छोटे खड्डे, आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. चुनखडीचा खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि वरची माती उडवून लावतो. खडा बाजरीच्या दाण्याएवढा असला तरी हे होतं. उपाय एकच, बारीक चाळणी.

पायरी २ : माती गाळणं

माती आधी कडक उन्हात खडखडीत वाळवा, ठेचा, आणि मग पाण्यात टाका. ओलसर ढेकूळ पाण्यात टाकलं तर ते आठवडाभर ढेकूळच राहतं, पण पूर्ण वाळलेली माती तासाभरात स्वतःहून विरघळते. भरपूर पाणी घ्या, पातळ ताकासारखं होऊ द्या, हाताने घुसळा, दोन मिनिटं थांबा म्हणजे वाळू-खडे तळाशी बसतात, मग वरचं ६० मेशच्या चाळणीतून दुसऱ्या बादलीत ओता. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. ६० ची चाळणी नसेल तर जुन्या सुती ओढणीतून वस्त्रगाळ करा, वेळ लागतो पण होतं.

मग बादली तशीच ठेवायची. लाल माती रात्रीत खाली बसते आणि वरचं नितळ पाणी काढता येतं. काळी माती तीन-चार दिवस झाले तरी पाण्यात लटकलेलीच राहते, तेव्हा बादलीत चमचाभर व्हिनेगर टाका, कण एकत्र येऊन बसायला मदत होते. खालचा गाळ उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून टांगून ठेवा, किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर पसरा. मळता येण्याइतकी झाली की नीट मळून प्लास्टिकमध्ये गुंडाळून निदान दोन आठवडे मुरू द्या. मुरलेल्या मातीला वास येतो, बुरशी दिसते, ते चांगलंच आहे, मातीचा लवचिकपणा वाढतो.

पायरी ३ : पट्ट्या, आणि फक्त पट्ट्या

इथे हात शिवशिवतात की एक तरी कप करून बघू. नका करू. आधी पट्ट्या करा, १४ सेंटीमीटर लांब, ४ रुंद, १ जाड, निदान पाच. ओल्या असतानाच प्रत्येकीवर सुईने बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा आणि नंबर कोरा. मार्करने लिहिलेलं भट्टीत जळून जातं, त्यामुळे कोरायचंच, किंवा आयर्न ऑक्साइड (लोखंडाच्या गंजाची पूड) पाण्यात कालवून ब्रशने लिहायचं.

सावलीत वाळवा, रोज उलटा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात असाल तर ओलं फडकं टाकून वाळवा नाहीतर कडा आधी वाळून पट्टी धनुष्यासारखी वाकते, आणि जुलैत कोकणात असाल तर वाळलीय असं वाटलं तरी अजून चार दिवस थांबा. गालाला लावून बघा, गार लागली म्हणजे आत पाणी आहे.

पूर्ण वाळल्यावर रेघ मोजा. १० ची ९.३ झाली म्हणजे ७ टक्के आकसली. भाजल्यावर पुन्हा मोजा, ८.८ आली तर एकूण १२ टक्के. स्टोनवेअरला १० ते १३ टक्के हे नेहमीचं आहे. नुसतं वाळतानाच १० च्या वर गेली तर त्या मातीची भांडी तडकणार हे धरून चाला. माझी काळी माती वाळतानाच १५ च्या पुढे गेली आणि पाचातल्या चार पट्ट्या मधोमध तुटल्या.

मग मातीत काहीतरी मिसळायचं. आकसणं जास्त असेल तर बारीक वाळू किंवा ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा, एकदाच भाजलेली, ग्लेझ न लावलेली फुटकी भांडी कुटून घरी होतो) १० टक्के, २० टक्के, ३० टक्के असं तीन वेगळ्या पट्ट्यांत घालून बघा. उलट माती रेताड, तुटणारी असेल तर बॉल क्ले (बारीक, खूप लवचिक माती) घाला, राजस्थानातल्या बिकानेरची किंवा गुजरातमधल्या थानची सहज मिळते. टक्के नेहमी कोरड्या वजनावर काढा, ओल्या मातीत किती पाणी आहे कोणाला माहीत.

नवीन लोकांना मी सगळ्यात आधी हे करायला सांगते : तयार स्टोनवेअर मातीत आपली माती १०, २० आणि ३० टक्के मिसळा. यात अपयश जवळजवळ येत नाही, चाकावर माती ओळखीची वाटते, आणि तरी रंगात आपल्या गावाचं काहीतरी उतरतं, लोखंडाचे ठिपके येतात, पांढरट माती एकदम उबदार बदामी होते. माझ्या रोजच्या चहाच्या कपांची माती आजही अशीच आहे, ८५ तयार आणि १५ कृष्णाकाठची.

पायरी ४ : भाजणं

पहिलं भाजणं म्हणजे बिस्क, ९५० ते १००० अंश. सुरुवात अगदी सावकाश, तासाला ६० ते ८० अंश, आणि १०० च्या जरा खाली दोन-तीन तास थांबा, कारण आत उरलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर पट्टी फुटते, आणि फुटलेल्या पट्टीचे तुकडे शेजारच्यांच्या भांड्यांत जातात. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम फुगतं, गार होताना तिथेच आकसतं, तेव्हा तिथे घाई नको, आणि भट्टी गार होतानाही झाकण लवकर उघडायचं नाही. ७०० ते ९०० मध्ये मातीतला सेंद्रिय भाग जळतो. गाळाची माती असेल तर इथे रेंगाळा, नाहीतर भांडं आतून काळं राहतं आणि पुढे ग्लेझला फुगे येतात.

यानंतर अनोळखी माती वरच्या तापमानाला न्यायची असेल तर पट्टी कधीच थेट शेल्फवर ठेवू नका. स्टोनवेअरच्या जुन्या पसरट ताटलीत ठेवा, ताटलीला आतून किल्न वॉश (अॅल्युमिना आणि चायना क्ले निम्मे-निम्मे, पाण्यात कालवून) लावा. मडक्याची लाल माती १२२० ला जाऊन वितळू शकते. एक पट्टी दोन टोकांना टेकू देऊन मधे अधांतरी ठेवा, किती झोळ पडला त्यावरून कळतं की माती तिच्या मर्यादेच्या किती जवळ आहे.

शेवटी पाणी पिण्याची टेस्ट. भाजलेली पट्टी वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात रात्रभर ठेवा, पुसून परत वजन करा. ८२ ग्रॅमची ९१ झाली तर ९ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण ११ टक्के. टेराकोटाला हे चालतं, कुंड्या-पणत्यांना तर उत्तमच. पण जेवणाच्या स्टोनवेअरला हा आकडा ३ च्या खाली हवा, नाहीतर कप ग्लेझ केलेला असला तरी तळातून पाझरतो आणि टेबलावर डाग पडतात.

ग्लेझला हात लावायच्या आधी

ग्लेझचं सामान म्हणजे बारीक पूड, आणि तिच्यातली सिलिका (वाळू-गारेतलं खनिज) फुफ्फुसात गेली की परत निघत नाही, सिलिकोसिस होतो आणि त्याला बरा करणारा इलाज नाही. कापडाचा रुमाल चालत नाही, एन-९५ मास्क नीट बसवून घाला. पंखा बंद. टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. वाळलेलं भांडं कोरडं घासू नका. स्वयंपाकघरातली भांडी, चमचे, मिक्सर यासाठी वापरले तर परत स्वयंपाकघरात न्यायचे नाहीत. शिसं असलेलं काही विकत घेऊ नका, कितीही चमकत असलं तरी. बेरियम कार्बोनेटसुद्धा विषारी आहे, सुरुवातीला त्याची गरजच नाही. मँगनीजचा धूर वाईट, भट्टी चालू असताना खोलीत बसू नका. हे सगळं घरात लहान मुलं असतील तर दुप्पट काळजीने.

पायरी ५ : ग्लेझ म्हणजे काय आणि पहिली बादली

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. त्यात तीन कामं करणारे तीन घटक लागतात. सिलिका काच बनवते, पण एकटी वितळायला १७०० अंश मागते. मग तिला खाली वितळवायला फ्लक्स लागतो, म्हणजे फेल्डस्पार या खनिजातलं पोटॅश-सोडा, व्हाइटिंगमधलं (खडूच्या पुडीतलं) कॅल्शियम, फ्रिटमधलं (आधीच वितळवून दळलेल्या काचेतलं) बोरॉन. आणि वितळलेलं ओघळून जाऊ नये म्हणून अॅल्युमिना, ते चायना क्लेमधून येतं. एवढं डोक्यात ठेवलं की कुठलीही रेसिपी वाचता येते.

कोन १० ला जाणारी भट्टी असेल तर जगभर वापरलं जाणारं ४-३-२-१ ग्लेझ करा : पोटॅश फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हाइटिंग २०, चायना क्ले १०. बर्नार्ड लीच या इंग्लिश कुंभाराच्या नावाने ते ओळखलं जातं. साधं, पारदर्शक, फारसं न बिघडणारं. कोन ६ साठी बोरॉन लागतं, तिथे पाच गोष्टी वीस-वीस टक्के घ्या : ३१३४ प्रकारचं फ्रिट, वोलॅस्टोनाइट (कॅल्शियम आणि सिलिका असलेलं खनिज), फेल्डस्पार, चायना क्ले, सिलिका. इथे एक लक्षात घ्या, परदेशी रेसिपीतलं फेल्डस्पार आणि आपल्याकडे राजस्थानातून येणारं फेल्डस्पार एकसारखं नसतं, फ्रिटचंही तेच, आणि गर्स्टली बोरेटसारखं कॅलिफोर्नियातल्या खाणीचं सामान तर इथे सहज मिळतच नाही. म्हणून दुसऱ्याची रेसिपी ही फक्त सुरुवात, टेस्ट आपल्याच भट्टीत व्हायला हवी. सामान संपून नवीन पिशवी आणली तरी एक टेस्ट परत करा.

१०० ग्रॅमची बॅच करा, जास्त नको. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतोच. वजन करताना प्रत्येक नावापुढे टिक करा, मधेच फोन आला आणि व्हाइटिंग टाकलं की नाही आठवेना, असं झालं तर ती बॅच फेकून द्या, अंदाजाने पुढे जाऊ नका. पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरवर नाही, धूळ कमी उडते. तासभर भिजू द्या, ८० मेशमधून दोनदा गाळा. दाटपणा सायीच्या दुधासारखा. बिस्कची टाइल तीन सेकंद बुडवा, वाळली की वरचा अर्धा भाग परत बुडवा म्हणजे एकाच टाइलवर पातळ आणि जाड दोन्ही दिसतं. टाइल उभी राहील अशी करा, इंग्रजी एल आकाराची, कारण आडव्या टाइलवर ग्लेझ किती पळतं ते कळतच नाही. तळाला बोटभर जागा कोरी सोडा.

रंगासाठी ऑक्साइड १०० ग्रॅम ग्लेझमध्ये वरून जास्तीचं म्हणून मोजायचं. कोबाल्ट ऑक्साइड ०.५ टक्क्यालाच गडद निळं देतं, १ च्या वर जायची गरज पडत नाही आणि ते महाग आहे. कॉपर कार्बोनेट २ ते ४ टक्के हिरवं. आयर्न ऑक्साइड सगळ्यात स्वस्त आणि माझं सगळ्यात आवडतं, १-२ टक्क्याला मधासारखं पिवळसर, ४-५ ला तपकिरी, ८-१० ला जवळजवळ काळं. रंग न घातलेल्या एकाच ग्लेझमध्ये फक्त आयर्न ऑक्साइड १, २, ४, ६, ८, १० टक्के असं वाढवत सहा टाइल करा. हा तुमचा पहिला खरा ग्लेझचा प्रयोग असू द्या.

पायरी ६ : काळी माती परत आणा

तुटलेल्या पट्ट्या मी फेकल्या नव्हत्या. ज्या मातीत लोखंड आणि कॅल्शियम भरपूर असतं ती भांडं म्हणून वाईट, पण त्याच कारणाने ती वितळतेही लवकर. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या ऑल्बनीची माती अशीच होती, तिथले कुंभार ती नुसती पाण्यात कालवून भांड्याला आतून लावायचे, भट्टीत तिचंच तपकिरी ग्लेझ व्हायचं. आपली काळी मातीही बेसाल्टचीच लेक, मग तिने का वितळू नये.

पहिल्यांदा मी गाळलेली माती तशीच लावली, तर ती वाळतानाच खपल्या धरून टाइलवरून पडली. फुगणारी माती ती, ग्लेझ म्हणूनही आकसणारच. मग थोडी माती वाटीत घालून ८०० अंशांना भाजून घेतली, खलबत्त्यात कुटून ८० मेशमधून चाळली. भाजलेल्या मातीचं फुगणं-आकसणं संपतं. ही भाजलेली आणि कच्ची निम्मी-निम्मी घेतली की टाइलला नीट धरते.

आता लाइन ब्लेंड, म्हणजे दोन गोष्टी टप्प्याटप्प्याने एकमेकींत मिसळणं. एका भांड्यात १०० ग्रॅम मातीचं मिश्रण आणि पाणी घालून बरोबर २०० मिली करा, दुसऱ्यात १०० ग्रॅम फ्रिट आणि पाणी, तेही २०० मिली. दोन्हीत कोरडं वजन सारखं झालं, त्यामुळे आता काटा नको, मेडिकलमध्ये मिळणारी मोठी सिरिंज सुईशिवाय आणा आणि मिलीमध्येच मिसळा. सहा कप, पहिला आकडा मातीचा आणि दुसरा फ्रिटचा : ५० आणि ०, ४० आणि १०, ३० आणि २०, २० आणि ३०, १० आणि ४०, ० आणि ५०. प्रत्येक वेळी भरायच्या आधी ढवळा, फ्रिट पटकन तळाला बसतं. प्रत्येक टाइलखाली जुन्या मातीची छोटी चकती ठेवा, ओघळलं तर शेल्फ वाचतं.

कोन ६ ला माझ्याकडे असं आलं : नुसती माती खरखरीत, अर्धवट वितळलेली, चॉकलेटी. ४०-१० ला चकचकीत गडद तपकिरी, कडांवर जिथे पातळ झालं तिथे तांबूस, आणि ते बघून मला खरंच गहिवरून आलं, ज्या शेतात लहानपणी चिखल तुडवला त्याचा हा रंग. ३०-२० ला ओघळून तळापर्यंत आलं. त्यापुढचे चकतीवर सांडले. मग मी ५०-० आणि ३०-२० यांच्या मधल्या जागेत परत बारीक टप्पे केले, ४५-५, ४२-८, ३८-१२, आणि ४२-८ वर थांबले. तुमची माती वेगळी, तुमचा आकडा वेगळा येईल, पण वाट हीच.

हीच पद्धत चुलीच्या राखेला लावा. राख ६० मेशमधून चाळून घ्या आणि हातमोजे घाला, न धुतलेली राख त्वचेला झोंबते. सुरुवात राख ४०, फेल्डस्पार ४०, चायना क्ले २०, हे कोन १० च्या आसपास छान वितळतं, कोन ६ ला थोडं फ्रिट लागेल. लाकडाच्या राखेत कॅल्शियम जास्त म्हणून ती वितळवते. भाताच्या तुसाची राख मात्र जवळजवळ सगळी सिलिकाच, ती उलट कडक करते आणि पांढरट दुधी छटा देते, तेव्हा कुठली राख ते लिहायला विसरू नका. खडी क्रशरवरची बेसाल्टची बारीक भुकटीही अशीच वापरता येते, मास्क घालून.

बिघडलं तर

भट्टी उघडल्यावर कपातून टिंग टिंग आवाज येत राहिला आणि ग्लेझवर बारीक जाळी दिसली तर ते क्रेझिंग, ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. रेसिपीत सिलिका ५ ग्रॅमने वाढवून परत बघा. चहा आणि हळद त्या जाळीत शिरते आणि निघत नाही. उलट, ग्लेझचे धारदार कपचे कडेवरून उडत असतील तर ती उलटी अडचण, सिलिका कमी करा, आणि ते भांडं खाण्यासाठी अजिबात वापरू नका. ग्लेझ गोळा होऊन मधे कोरी जागा दिसली तर बहुतेक थर जाड झाला किंवा बिस्कला हाताचं तेल-धूळ लागली होती, ओल्या स्पंजने पुसून मगच बुडवा. टाचणीएवढी भोकं आली तर बिस्क सावकाश आणि थोड्या जास्त तापमानाला करा, ग्लेझ फायरिंगच्या शेवटी दहा-पंधरा मिनिटं तापमान धरून ठेवा. इथेही एका भट्टीत एकच उपाय करून बघा.

जेवणाचं भांडं करायचंय तर

आवडलेली टाइल लगेच दहा किलोच्या बादलीत बदलू नका. १०० ग्रॅमवरून ५०० वर या, दोन-तीन उभे कप वेगवेगळ्या शेल्फवर भाजा, मग दोन किलो. एका कपात अर्धं लिंबू पिळा किंवा व्हिनेगर भरून तीन दिवस ठेवा, धुवून लिंबू-व्हिनेगर न घातलेल्या तशाच कपाशेजारी धरून बघा. रंग फिका झाला किंवा चमक गेली तर त्या ग्लेझमधून धातू बाहेर येतायत, ते ताटाला-कपाला नको. तांबं आणि मँगनीज जास्त असलेल्या मॅट ग्लेझबाबत हे फार होतं. एक कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी त्यात उकळतं पाणी ओता (सिंकमध्ये ठेवून), तेव्हा जाळी पडली नाही तर ग्लेझ मातीला बऱ्यापैकी जुळलंय.

लिंबू रंग बदलला का एवढंच सांगतं, शिसं-कॅडमियम सांगत नाही. भांडी विकणार असाल तर सिरॅमिकची तपासणी करणाऱ्या लॅबमधून लीचिंग टेस्ट (ग्लेझमधून धातू किती बाहेर येतात ते मोजणारी) करून घ्या. आणि तो रिपोर्ट हातात येईपर्यंत नवं ग्लेझ कपाच्या बाहेरून लावा, आतून आणि ओठ टेकतात त्या कडेला आपलं जुनं, ओळखीचं, पारदर्शक ग्लेझ.